पलीकडं न जाणारा पूल

रस्त्यात भेटलेल्या माणसाला ‘कुठं निघालात?’ असं विचारणं हा आपल्याकडे प्रश्न नसतो, रामराम असतो. उत्तराची वाट कुणी पाहत नाही. सोलापुरात मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, त्या माझ्या घरमालकांना मात्र या प्रश्नाचा मनापासून राग येई. ते थांबत, काठी जमिनीवर टेकवत आणि विचारणाऱ्यालाच उलट विचारत, “का? मानसानं कुटंतरी निगालंच पायजे व्हय?” समोरचा ओशाळून हसे. मग ते त्याला शांतपणे समजावून सांगत, की मी त्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत निघालो आहे, तिथं माझं काही काम नाही आणि तिथून मी परत येणार आहे. एवढं सांगून ते खरोखर लिंबापर्यंत जात आणि परत येत.

पहिलं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. मी एका गिरणीच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो आणि खोली शोधत पेठेतून हिंडत होतो. कुणीतरी यांचं घर दाखवलं. पेठेत सगळे त्यांना हवालदार म्हणत. ओट्यावर बसून ते सुऱ्यानं शेंगा फोडत होते, म्हणजे एकेक शेंग उभी चिरून आतले दाणे न दुखावता बाहेर काढत होते. नाव, गाव, जात, पगार यातलं त्यांनी मला काहीही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “पूल बगितलाय का कदी, पलीकडं न जानारा?”

मी म्हणालो, असा पूल बांधणारा एकतर वेडा असेल नाहीतर त्याचं सामान संपलं असेल.

हवालदारांचा चेहरा फुलला. “आगदी बराबर. मी बी पयल्यांदा ह्येच म्हनलो हुतो,” असं म्हणून त्यांनी मला वरच्या खोलीची किल्ली दिली. आतून त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला. ‘आणखी एक सापडला’ एवढाच त्याचा अर्थ होता, हे मला पुढे कळलं.

हवालदार मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरांमागं वाढलेले. ज्या मुलखात विहिरीला पाणी लागलं तर पेढे वाटतात, तिथला हा माणूस पलटणीत गेला तो सफरमैनात. सफरमैना म्हणजे फौजेतले पूल बांधणारे, खंदक खणणारे, रस्ते करणारे लोक. लढाईत पलटण पुढे जायची तर ओढा आडवा येतो, पूल पाडलेला असतो. तो रातोरात उभा करायचा हे यांचं काम. त्यामुळे पूल या गोष्टीबद्दल त्यांची मतं फार पक्की होती. पुलाला दोन काठ लागतात. दुसऱ्या काठाला टेकला नाही तो पूल नव्हे.

फ्रान्सात त्यांच्या मांडीत गोळी शिरली आणि त्यांना विलायतेत नेलं. समुद्रकाठच्या एका गावात आपल्या शिपायांसाठी इस्पितळ काढलं होतं. तिथून जरा हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी वाळूवरून तो पूल पाहिला. लोखंडी खांबांवर उभा, वर लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना कठडे, सरळ समुद्रात शिरलेला आणि मधेच संपलेला. हवालदारांना वाटलं, लढाई लागली आणि सरकारला माणसं कमी पडली. काम अर्धवट राहिलेलं त्यांना आयुष्यात कधी बघवलं नाही. त्यांनी इस्पितळातल्या हिंदुस्थानी बोलणाऱ्या डॉक्टरला गाठलं आणि अदबीनं सांगितलं, की आमच्या खोलीत सफरमैनाचे चार जण बरे होत आले आहेत, लोखंड आणि फळ्या मिळाल्या तर उरलेला पूल आम्ही बांधून देतो, पलीकडचा काठ किती लांब आहे तेवढं सांगा.

डॉक्टर हसून हसून खाली बसला. ही गोष्ट सांगताना हवालदार स्वतःही हसत, पण डॉक्टरएवढे नाही.

त्या पुलाचा इतिहास डॉक्टरनं त्यांना सांगितला आणि हवालदारांनी तो मला, काकूंना, दुधवाल्याला, गिरणीच्या सुतारांना इतक्या वेळा सांगितला की आम्हा सगळ्यांनाच तो पाठ झाला होता. समुद्र दिवसातून दोनदा मागे जातो. मागे गेला की चिखल नि वाळू उरते, आगबोट काठाला लागत नाही. पूर्वी उतारूंना माणसांच्या पाठीवर बसून किनारा गाठावा लागे. मडमांची फार पंचाईत होई. म्हणून पाणी जिथं कधी आटत नाही तिथपर्यंत लोकांनी हा धक्का नेला. मग आगगाडी आली, आगबोटी कमी झाल्या. धक्का ओस पडायला हवा होता. पण तोवर माणसांना टोकापर्यंत चालत जायची चटक लागली होती. कुठं जायचं नसलं तरी ती येऊ लागली. तिकीट बसलं तरी आली. मग बँड आला, खुर्च्या आल्या, पैसा टाकला की वजन सांगणारं यंत्र आलं, दुर्बीण आली. एकदा वादळानं निम्मा धक्का मोडून नेला, तर गावानं वर्गणी काढून पुन्हा बांधला.

“पलीकडं काय बी न्हाय,” हवालदार बोट उभं करून म्हणत, “तरी बी बांदला. परत बांदला.” हे त्यांना अखेरपर्यंत नवल वाटत राहिलं आणि खरं सांगायचं तर मलाही वाटू लागलं.

या सगळ्या गोष्टीत एक भाग ते सहसा सांगत नसत. मला त्यांनी तो एकदाच सांगितला. डॉक्टर त्यांना धक्क्यावर घेऊन गेला त्या दिवसाचा. फ्रान्सातून आल्यापासून त्यांना झोप नव्हती. त्यांच्या टोळीतली बहुतेक माणसं एका पुलावर काम करता करताच गेली होती. इस्पितळात जो येई तो विचारी, कुठं दुखतंय, आता कसं वाटतंय, बरा झालास की लढाईवर जाणार की घरी. ते पांघरूण तोंडावर ओढून घेत. धक्क्याच्या टोकाशी एक म्हातारा-म्हातारी होती, एक नर्स होती, दोन पोरी होत्या. सगळी नुसती उभी होती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. हवालदारही कठड्याला धरून उभे राहिले. समोर पाणी, पाठीमागं गाव. त्या रात्री त्यांना झोप लागली. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, आणि सांगून झाल्यावर त्यांनी मला शेंगदाणे खायला दिले.

सोलापूरच्या माणसाला अशी जागा नाही, हे त्यांचं दुःख होतं. इथं भोंगा झाला की गिरणीत जायचं, भोंगा झाला की घरी. देवाला जायचं ते नवसाला, बाजारात जायचं ते बाजाराला. हातात पिशवी, तपेली, गाठोडं, काहीतरी असल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. एकदा तरी या गावातल्या माणसानं रिकाम्या हातानं टोकापर्यंत जावं, उभं राहावं आणि परत यावं, एवढंच त्यांना बघायचं होतं. यासाठी माणूस आपली पेन्शन आणि दुखरा पाय खर्ची घालतो, हे मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही.

आमच्या पेठेमागं एक तळं होतं. त्याची देखभाल करायला पेठेतल्या प्रतिष्ठितांची एक कमिटी होती. हवालदारांच्या सांगण्यावरून मी माझ्या चांगल्यापैकी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, की तळ्यात स्वखर्चानं लाकडी धक्का बांधण्याची परवानगी मिळावी, उद्देश: फिरणे. कमिटीच्या चेअरमननी, ते भले गृहस्थ होते, ‘फिरणे’ हा शब्द दोनदा वाचला आणि परवानगी दिली. अट एवढीच, की धक्का फिरण्यापुरताच वापरायचा, त्यावर धुणीभांडी करायची नाहीत, आणि वर्षानं पाहणी करून ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं. अटीखाली हवालदारांनी सही केली. इतकी ठळक सही मी पुन्हा पाहिली नाही.

जुने रेल्वेचे स्लीपर, पाडलेल्या गोदामाचं सागवान, सुटीच्या दिवशी मदतीला येणारे गिरणीतले दोन सुतार आणि हवालदारांचा आरडाओरडा, यांतून पावसाळ्याआधी धक्का उभा राहिला. साठ पावलं लांब. काठाला त्यांनी एक फिरतं फाटक बसवलं होतं. एका वेळी एकच माणूस आत जाई. त्याची गरज काहीच नव्हती, पण विलायतेत तसं होतं. काकू पाहायला आल्या, टोकापर्यंत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, “एवडं लाकूड घरावर घातलं आसतं तर माडी झाली आसती की.”

तळं भरलं आणि माणसांची रीघ लागली. माढ्याहून, मैंदर्गीहून बाजाराला आलेली माणसंसुद्धा वाट वाकडी करून बघायला येत. जो येई तो एकच विचारी, “पलीकडं कवा पोचनार?” हवालदार सांगत, पोचणार नाही, पुरा झालाय. माणूस त्यांच्याकडे जरा दयेनं बघे. मैंदर्गीचा एक शेतकरी तर टोकाशी जाऊन घोंगडी अंथरून बसला, नाव येईल म्हणून. संध्याकाळी हवालदारांनी त्याला उठवलं तेव्हा तो कानडीत बरंच काही बोलला. ते आम्हाला समजलं नाही, पण स्तुती नव्हती.

मग रीघ थांबली. एकदा पाहिलं, झालं. पुन्हा कशाला यायचं? हिवाळाभर संध्याकाळी धक्क्यावर मी आणि हवालदार, दोघंच असायचो. मी तरी कशाला जात होतो, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण जात होतो. हवालदार कठड्याच्या फळ्या चाचपून बघत. वजनाच्या यंत्राशिवाय माणसं येणार नाहीत, असं एकदा म्हणाले, तेवढंच.

उन्हाळा लागला, तळं आटत मागं सरकलं आणि काठाला गुडघाभर चिखल झाला. एके दिवशी सकाळी आम्ही गेलो तर धक्क्याच्या टोकाशी सहा-सात बायका ओणव्या झालेल्या. आमच्या पेठेत तेलुगू विणकरांची घरं होती. घरच्या हंड्यांतून रंगवलेल्या सुताच्या लडी बायका तळ्यावर आणून खळबळत. काठच्या गढूळ पाण्यात लडी घातली की रंगावर चिखल बसतो. टोकाशी पाणी खोल आणि स्वच्छ होतं. कठड्यावर लाल, निळ्या, जांभळ्या लडी टांगल्या होत्या आणि त्यांचं पाणी फळ्यांवरून वाहत होतं.

हवालदार भडकले. त्यांनी बायकांना हाकललं, फाटकाला दोरी बांधली, माझ्याकडून पाटी लिहून घेतली: ‘येथे फिरावे. धुऊ नये.’ वाचता येत नसल्यानं म्हणा किंवा येत असूनही म्हणा, बायका दुसऱ्या दिवशी दोरीखालून आत. आठवडाभर ही लढाई चालली. बायकांत सगळ्यात म्हातारी राजव्वा. सुकलेली, बुटकी, कोपरापर्यंत हात कायमचे निळे. ती भांडत नसे. हवालदारांचं ओरडून संपेपर्यंत लडी पिळत राही.

आठव्या दिवशी तिनं विचारलं, “हवालदार, तुमच्या त्या विलायतच्या पुलावर फकस्त फिरतेत?”

“व्हय.”

“पयल्यापासनं?”

इथं हवालदार अडकले. धक्क्याच्या इतिहासात खोटं बोलणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी सांगितलं. समुद्र मागं जातो, चिखल उरतो, बोट काठाला लागत नाही, म्हणून बांधला. फिरायला मागाहून आले.

राजव्वानं खाली, काठच्या चिखलाकडे हात केला. “आमचं बी पानी मागं गेलं की,” ती म्हणाली आणि पुन्हा लडी बुडवली.

हवालदार तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. लिंबापर्यंतसुद्धा गेले नाहीत. काकू घाबरल्या. चौथ्या दिवशी ते उठले, पाटी उपटली, तिच्याच फळीला आणखी लाकूड जोडून टोकाशी पाण्यात उतरणाऱ्या तीन पायऱ्या केल्या, म्हणजे बायकांना ओणवं व्हायला नको. करताना म्हणत होते की काम चांगलं झालं पाहिजे. पाहणीला मात्र एकच महिना उरला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन राजव्वाच्या घरी गेले. टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, उद्या सकाळपुरतं कुणी धक्क्यावर येऊ नका. कमिटी बघून जाऊ दे. मग वर्षभर धुवा.

राजव्वानं एका शब्दानं वाद घातला नाही. “एक दिस न्हाय येत,” ती म्हणाली. हवालदार वळले. अंगणात हंडे मांडलेले होते, सूत रंगात होतं. ते थबकले. हे उद्यापर्यंत थांबेल का, असं त्यांनी विचारलं.

“ते तुमी नका इचारू,” राजव्वा म्हणाली. तिची सून हंड्याशी उभी होती. ती न राहवून तेलुगूत काहीतरी बोलली. राजव्वानं तिला दटावलं. पण हवालदारांनी इतक्या वर्षांत पेठेतलं तेवढं तेलुगू उचललं होतं. लग्नाच्या लुगड्यांचं सूत होतं. पहाटे हंड्यांतून काढून खळबळलं नाही तर ते डाग धरणार होतं, आणि डाग धरलेलं सूत कुणी घेत नाही.

घरी येईतो ते दोनदा थांबून मागं वळून पाहत राहिले. मी मात्र खुशीत होतो. कचेरीतल्या चौघा मित्रांना धुतलेली धोतरं आणि टोप्या घालून सकाळी फिरायला यायचं कबूल करून घेतलं होतं. दर चार मिनिटांनी एक, असा क्रमही लावून दिला होता.

सकाळी आम्ही पाचही जण रुबाबात तळ्यावर पोचलो, तर टोकाशी बायका लडी खळबळत होत्या आणि हवालदार फाटक हातानं धरून, गाठोडी अडकू नयेत म्हणून, एकेकीला आत सोडत होते. पहाटे ते स्वतः राजव्वाच्या दारात जाऊन तिला उठवून घेऊन आले होते. माझे मित्र टोप्या सावरत काठालाच उभे राहिले. थोड्या वेळानं चेअरमन आले. त्यांनी बायकांकडे पाहिलं, कठड्यावरच्या लडींकडे पाहिलं. खाली तळ्याचं पाणी जांभळं झालं होतं.

“हवालदार, हे काय?”

“धुत्यात. मीच बोलावलं.”

चेअरमन खरोखर अवघडले. “मग मी काय लिहू?”

“दिसतंय ते लिवा.”

त्यांनी लिहिलं. आठ दिवसांत धक्का काढून टाकावा, असा ठराव झाला. वाटेत मी हवालदारांवर चिडलो. एका सकाळचा प्रश्न होता, राजव्वा स्वतः कबूल झाली होती, सगळं हातातलं घालवलंत, असं मी त्यांना तोंडावर बोललो. आता त्याची लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, “तिचं सूत नासवून मी हवा खाऊ व्हय?”

पण धक्का काढायला ते तयार नव्हते. कमिटीनं निरोप पाठवले. हवालदार रोज सकाळी जाऊन फाटकाशी बसत आणि सांगत, काढायचा असेल तर तुमची माणसं पाठवून बघा, मी एका फळीला हात लावणार नाही आणि लावूही देणार नाही. काकूंनी समजावलं, मी समजावलं. सफरमैनातल्या माणसाला पूल पाडता येत नाही असं नाही, ते म्हणत, पण ज्यासाठी बांधला ते एकदाही झालेलं नाही. अर्धवट काम पाडायचं नसतं. सातव्या दिवशी कमिटीच्या माणसांनी पहारी आणून काठावर ठेवल्या आणि ती उद्या येतो म्हणून गेली. मला भीती वाटत होती की उद्या म्हातारा मारामारी करणार.

त्याच संध्याकाळी बायका आल्या. माग बंद झाल्यावर आल्या असाव्यात. राजव्वा पुढं, मागं सून आणि बाकीच्या. सगळ्यांनी काठांची चांगली लुगडी नेसली होती, अंबाड्यात अबोली होती. कुणाच्याही हातात काही नव्हतं. फाटकाशी येऊन त्या घुटमळल्या, कारण रिकाम्या हातानं आत जायची त्यांना सवय नव्हती. सुनेनं हळूच विचारलं, तिकडं आज आपलं काम काय? राजव्वा म्हणाली, काही नाही, चल. एवढं तेलुगू मलाही समजलं.

त्या एकामागून एक फाटकातून आत गेल्या. कुणी घाई केली नाही. टोकाशी जाऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तळं आटलेलं, थोडंसंच पाणी, त्यावर उतरतं ऊन. बघण्यासारखं खरोखर काही नव्हतं. त्या बराच वेळ उभ्या होत्या. एकमेकींशीही बोलत नव्हत्या. हवालदार फाटकाशी ताठ उभे होते. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होतो.

मग त्या परत आल्या. राजव्वा शेवटी. फाटकातून बाहेर पडताना ती हवालदारांपाशी थांबली.

“काय बगितलं?” हवालदारांनी विचारलं.

राजव्वानं विचार केला. “काय बी न्हाय,” ती म्हणाली. “लई बरं वाटलं.”

त्या गेल्यावर हवालदार खाली बसले आणि रडले. मी जवळ बसून राहिलो. मग त्यांनी डोळे पुसले, काठावर पडलेल्या पहारींतली एक उचलून हातात तोलून पाहिली आणि मला म्हणाले, “कमिटीला सांगा, मानसं नगा धाडू. सकाळी माजा मी काडतो. आता काडला तरी चालतोय.”